महागनी, भाताच्या लोंब्या आणि ओल्या मातीतली सही

पहिला दिवस, न्यूयॉर्क

मुलाकडे न्यू जर्सीला यायची ही माझी तिसरी खेप. सून मुग्धा घरांच्या सजावटीचं काम करते, जुन्या फर्निचरवर तिचा भारी जीव. "आई, या वेळी आपण दोघीच निघू. जुनी घरं, जुन्या वस्तू बघत खाली दक्षिणेत चार्ल्स्टनपर्यंत जाऊ," असं तिनेच ठरवलं. मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. अमेरिकेतली गुलामगिरी मी कापसाच्या मळ्यापाशी सुरू करायची आणि लिंकनपाशी संपवायची. ती दिवाणखान्यात, जेवणघरात, पलंगाच्या खांबावरही बघायची असते, हे या आठवड्यात कळलं.

सुरुवात मेट्रोपॉलिटन म्युझियमपासून केली. तिथे एका चित्रासमोर आम्ही अर्धा तास उभ्या होतो. पैसेवाली माणसं दिवाणखान्यात लावायला काढून घेत तसलं घरातल्या मुलांचं चित्र. १८३७ च्या सुमाराचं, न्यू ऑर्लिन्समधलं, जाक आमां या फ्रेंच चित्रकाराचं समजलं जाणारं. फ्राय नावाच्या व्यापाऱ्याची तीन गोरी मुलं पुढे, आणि त्यांच्या मागे झाडाला टेकून, हाताची घडी घालून उभा असलेला पंधरा वर्षांचा काळा मुलगा. त्याचं नाव बेलिझेर. तो सहा वर्षांचा असताना फ्रायने त्याला आई सॅलीसकट विकत घेतलं होतं.

हा मुलगा शंभरेक वर्षं या चित्रात दिसतच नव्हता. १९०० च्या आसपास कोणीतरी त्याच्यावर रंग चढवून तो झाकून टाकला. १९७२ मध्ये चित्र एका संग्रहालयाला मिळालं, तिथे ते तीस वर्षं गोदामात पडून राहिलं आणि २००५ मध्ये विकलं गेलं. त्यानंतर वरचा रंग उतरवला तेव्हा खालून मुलगा बाहेर आला. नाव तर त्याहूनही उशिरा, जुन्या कागदपत्रांतून शोधून काढावं लागलं. पुढची तिन्ही मुलं काही वर्षांतच वारली होती. चौघांतला जगला तो बेलिझेर, आणि पुसला गेला तोही बेलिझेरच. १८५६ साली फ्रायच्या विधवेने त्याला एव्हरग्रीन नावाच्या ऊसमळ्यावर विकून टाकलं.

परतताना ट्रेनमध्ये मुग्धा बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, लोक मला सांगतात ना, हा पाइप दिसायला नको, हा खांब झाका. तसंच कोणीतरी रंगाऱ्याला सांगितलं असेल."

दुसरा दिवस, फिलाडेल्फिया

सकाळीच गाडी काढली. इंडिपेंडन्स हॉलमध्ये लोक येतात ते खालच्या सभागृहासाठी, जिथे १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला. माझं लक्ष वरच्या मजल्याकडे होतं. १८०२ पासून तिथे चार्ल्स विल्सन पील या चित्रकाराचं संग्रहालय होतं आणि त्यात मोझेस विल्यम्स नावाचा माणूस कागदातून लोकांचे चेहरे कापायला बसायचा.

मोझेस पीलच्या घरी गुलाम म्हणून वाढला. त्याचे आईवडील १७८६ मध्ये मुक्त झाले. मोझेस तेव्हा जेमतेम अकरा वर्षांचा, तो मालकाकडेच राहिला. पीलने स्वतःच्या मुलांना तैलचित्रं काढायला शिकवलं. मोझेसच्या वाट्याला आलं ते चेहऱ्याची बाजूची रेषा टिपणारं यंत्र. गिऱ्हाइकाने यंत्राशेजारी बसायचं, दांडा कपाळ-नाक-हनुवटीवरून फिरायचा आणि घडी घातलेल्या पांढऱ्या कागदावर रेषा लहान होऊन उमटायची. मग कात्रीने आतला भाग कापायचा, कागदामागे काळं लावायचं, की काळा चेहरा तयार. छायाचित्रं यायच्या आधी मध्यमवर्गीय घरांच्या भिंतींवर असे चेहरे लागत. मोझेस वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी सुटला आणि पहिल्याच वर्षात त्याने ८,८८० चेहरे कापले, आठ सेंटला एक. त्या कमाईतून त्याने दुमजली विटांचं घर घेतलं.

त्या हजारो चेहऱ्यांवर शिक्का आहे तो म्युझियमचा. गोरे चेहरे काळ्या कागदात बनवून विकणाऱ्या माणसाचं नाव कुठेच नाही. एक अपवाद लायब्ररी कंपनी ऑफ फिलाडेल्फियाच्या संग्रहात आहे. तो मोझेसचा स्वतःचा चेहरा, आणि त्याखाली लिहिलंय, 'मोझेस विल्यम्स, चेहरे कापणारा.' आम्ही त्याची छापील प्रत पाहिली. मानेचा बाक, कॉलरची कड, डोक्यावरचे केस, सगळं कात्रीच्या एका फिरतीत आल्यासारखं. हात किती सरावलेला असेल!

दुपारी वेजवूडचं पदक पाहिलं. रुपयाहून फार मोठं नसेल. फिक्या मातीवर काळी उठावाची आकृती: साखळदंडांनी बांधलेला, गुडघे टेकलेला काळा माणूस हात जोडून विचारतोय, 'मी माणूस नाही का? भाऊ नाही का?' मातीची भांडी बनवणाऱ्या इंग्लंडच्या जोसाया वेजवूडने १७८७ मध्ये ती पदकं काढली आणि पुढच्या वर्षी इथल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष बेंजामिन फ्रँकलिन यांच्याकडे काही पाठवली. बायकांनी ती केसांत माळली, पुरुषांनी तपकिरीच्या डब्यांवर बसवली. काम मोठं झालं यात शंका नाही. तरी ती आकृती मला दिवसभर टोचत राहिली. ज्याला न्याय हवा त्याला गुडघ्यावरच का बसवायचं?

पुढे १८२० च्या दशकात इंग्लंडात साखरदाण्याही निघाल्या, 'ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न केलेली' अशी सोनेरी अक्षरं असलेल्या. सहा कुटुंबांनी वेस्ट इंडीजऐवजी ईस्ट इंडियाची साखर वापरली तर एक गुलाम कमी लागेल, असा हिशेबही काहींवर लिहिलेला असे. ही साखर आपल्याकडची. तेव्हा आपल्याकडेही माणसं विकली जातच होती. कंपनी सरकारने गुलामगिरीला कायद्याचा आधार काढून घेतला तो १८४३ मध्ये. साखरदाणीवरची अक्षरं वाचणाऱ्या इंग्रज बाईला हे कोणी सांगितलं नसणार.

रात्री झोपताना जोतिबा आठवले. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहून ती त्यांनी अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केली, काळ्यांच्या मुक्तीसाठी झटल्याबद्दल. शाळेत हा प्रश्न मी 'एका वाक्यात उत्तर द्या'मध्ये घालत असे. ज्या गावातून ती चळवळ पसरली त्या गावात आज आपण झोपतोय, एवढ्यानेच गहिवरून आलं.

तिसरा दिवस, वॉशिंग्टन

स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात एक छोटं घडीचं डेस्क आहे, मांडीवर घेऊन लिहायचं. आमच्या आजोबांकडे कुलकर्ण्यांची उतरती पेटी होती, साधारण तशाच घाटाचं. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन रँडॉल्फ या सुताराने ते १७७६ मध्ये थॉमस जेफरसनसाठी, म्हणजे स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या माणसासाठी केलं आणि त्यावर 'सर्व माणसं समान जन्माला येतात' हे वाक्य लिहिलं गेलं. लाकूड महागनी.

मुग्धा लाकडाचे रेषे बघत होती आणि मला सांगत होती, हे झाड इकडचं नव्हेच. जमेका, होंडुरासच्या रानांतलं. तिथे गुलामांच्या टोळ्या ते तोडत. आधी एक जाणता माणूस उंच झाडावर चढून पानांच्या रंगावरून महागनी कुठे आहे ते हेरायचा, मग महिनोन्‌महिने तोड. दिवसा उन्हाने बैल टिकत नसत, म्हणून ओंडके रात्री मशालींच्या उजेडात नदीकडे ओढत न्यायचे. बॉस्टनपासून चार्ल्स्टनपर्यंत महागनीचं कुठलंही जुनं टेबल, कपाट, खुर्ची घ्या, सुरुवात त्या मशालींपाशी होते.

दुपारी आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात जेफरसनचा पुतळा पाहिला. त्याच्या मागे विटांची भिंत रचली आहे, आणि जेफरसनने आयुष्यभरात गुलाम म्हणून ठेवलेल्या माणसांची नावं त्या विटांवर आहेत. सहाशेहून जास्त. नुसत्या नावांचा ढीग डोळ्यांत मावत नाही, म्हणून मी एकेक वाचायला घेतलं. कित्येक नावांना आडनाव नाही.

चौथा दिवस, माँटिचेलो

जेफरसनचं डोंगरावरचं घर. तिथले वाटाडे 'गुलाम' असा शब्द वापरत नाहीत, 'गुलाम केलेली माणसं' म्हणतात. दोन शब्द जास्त लागतात, पण केलं कोणीतरी, हे त्यात येतं. मी ते उचललं.

जेवणघर बघून मी हरखले, हे लपवणार नाही. भिंती अंड्याच्या बलकासारख्या पिवळ्याधमक. शेकोटीच्या चौकटीत निळ्या वेजवूडच्या पट्ट्या, त्यावर पांढऱ्या ग्रीक आकृत्या. परवाचं पदक घडवलं त्याच कारखान्याच्या! आणि त्या सुंदर चौकटीच्या कडेला, दोन्ही बाजूंना, लाकडात मिसळून जाणारी अरुंद दारं. आत बाटली मावेल एवढा खण, दोरीवर. खाली तळघरात कोणीतरी उभा राहून दारूची बाटली वर चढवायचा. वर जेफरसन दार उघडून, बाटली काढून, पाहुण्यांना ओतायचा.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला फिरतं दार आहे. मधल्या खुंटावर फिरणारं, मागच्या अंगाला फळ्या. स्वयंपाकाची भांडी पलीकडून फळ्यांवर मांडायची, दार गरकन फिरवायचं, की जेवण खोलीत हजर आणि आणणारी बाहेर. पाहुणे या युक्तीचं कौतुक करीत: नोकर आसपास नसले की मोकळेपणाने बोलता येतं. बोलणं बहुधा स्वातंत्र्याविषयीच असायचं. दारापलीकडे असायची ईडिथ फॉसेट. व्हाइट हाउसमध्ये फ्रेंच स्वयंपाक शिकलेली, इथल्या मुदपाकखान्याची मुख्य. मी त्या दाराच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले. तिथून जेवणघर अजिबात दिसत नाही.

मग जॉन हेमिंग्जची गोष्ट ऐकली. हा इथला सुतार, गुलाम केलेला, विलक्षण हाताचा. जेफरसनची नात एलन १८२५ मध्ये लग्न होऊन बॉस्टनला गेली, तेव्हा जॉनने तिच्यासाठी लिहायचं टेबल केलं. ते जहाजातून जाताना सामानासकट समुद्रात बुडालं. जेफरसनने नातीला कळवलं, की रोमन कवी व्हर्जिलचं महाकाव्य आगीत गेलं असतं तर त्यालाही जॉनइतकं दुःख झालं नसतं. पुन्हा एक करशील का, असं विचारलं तर जॉन नाही म्हणाला. दृष्टी गेली होती, आणि पहिलं कसं केलं ते आता नीट आठवत नव्हतं. मग त्या बुडालेल्या टेबलाच्या बदली जेफरसनने नातजावयाला काय पाठवलं? काल आम्ही काचेआड पाहिलेलं ते महागनीचं छोटं डेस्क. जाहीरनाम्याचं डेस्क अमेरिकेतलं प्रत्येक मूल ओळखतं. ज्याच्या जागी ते गेलं ते कसं दिसत होतं, हे सांगायला आता एक रेषाही उरलेली नाही.

जेफरसन १८२६ मध्ये वारला, कर्जात बुडालेला. मृत्युपत्रात त्याने पाच जणांना मुक्त केलं. त्यात जॉन होता, ईडिथचा नवरा जो फॉसेटही होता. ईडिथ नव्हती. जानेवारी १८२७ मध्ये घरातल्या सामानाबरोबर १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला. ईडिथ आणि तिची मुलं त्यात विकली गेली. लोहारकाम करणाऱ्या जोने पुढे पैसे साठवून त्यातल्या काहींना परत विकत घेतलं.

पाचवा दिवस, रस्ता

दिवसभर गाडीत. दुपारी वाटेत एका जुन्या वस्तूंच्या दुकानात पाय मोकळे करायला थांबलो. काचेच्या कपाटात लोखंडी गल्ला होता: काळ्या माणसाचा कमरेपासून वरचा पुतळा, लाल जाड ओठ, बटाट्यासारखे डोळे. पुढे केलेल्या हातावर नाणं ठेवायचं, मागची कळ दाबायची, की हात तोंडाशी जातो, नाणं गिळलं जातं, डोळे गरगर फिरतात. असे गल्ले १८८२ नंतर, म्हणजे गुलामगिरी संपल्याला सतरा वर्षं झाल्यावर, खपले. मुलांना बचतीची सवय लागावी म्हणून. एका दमडीत ते मूल बचतीबरोबर आणखी काय शिकायचं?

मुग्धा ताबडतोब बाहेर गेली. मी थोडी थांबले, कारण मला दुसरीच वस्तू दिसत होती. आमच्या चिपळूणजवळच्या घरी मागच्या पडवीत, कोनाड्यात, एक कपबशी असायची. कान तुटलेली. शेतावर येणाऱ्या गड्याला चहा त्यात, वरून ओतून. प्यायल्यावर त्याने ती स्वतः विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायची. मी सात-आठ वर्षांची असताना खेळताना त्या कपाला हात लावला म्हणून आजीने मला आंघोळ घातली. त्या माणसाचं नाव मला आठवत नाही. कपावरची निळी फुलं अजून आठवतात. गाडीत बसल्यावर हे मुग्धाला सांगितलं. माझ्या मुलालाही मी हे कधी सांगितलं नव्हतं.

सहावा दिवस, चार्ल्स्टन

रात्री उशिरा पोचलो, सकाळी घरं बघायला निघालो. थॉमस हेवर्ड हा जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक आणि भातशेतीचा धनी. त्याचं घर आत शिरल्याबरोबर दाखवतं, की पैसा होता. थॉमस एल्फसारख्या नामांकित सुतारांचं फर्निचर इथल्या अशा घरांत असे. त्या एल्फच्या कारखान्यात गुलाम केलेले कारागीर राबत.

या गावाचा खास पलंग म्हणजे 'राइस बेड'. महागनीचे चार उंच खांब आणि खांबांवर कोरलेल्या भाताच्या लोंब्या. एका खांबापाशी मी इतकी वाकले की रखवालदार हळूच खाकरला. लोंबी वजनाने झुकते तशी झुकलेली होती, दाणे एकाआड एक, पानाला पीळ. भात जवळून बघितल्याशिवाय असं कोरता येत नाही. आमच्याकडे नवान्नाला लोंब्या, आंब्याची पानं, कुर्डू बांधून दाराला 'नवं' लावतात. ज्याने चिखलात पाय घातले त्याच्याच दाराला. इथे लोंब्या मालकाच्या उशाशी, आणि चिखलात पाय घालणारे मलेरियाने आणि कष्टाने मरत होते. त्यांची मुलं तर फार लहानपणी जात. भात पिकवायची विद्याही त्यांचीच होती. सेनेगाम्बिया, सिएरा लिओन या भाताच्या मुलखातली माणसं इथले मळेवाले मुद्दाम मागत.

बाजारात बायका गवताच्या टोपल्या विणत बसल्या होत्या. चकलीसारखी वेटोळी घालत जायचं आणि पट्टीने शिवायचं. त्यातली एक रुंद, उथळ, ती बघताच मी म्हटलं, "हे सूप!" भात पाखडायचंच ते. शेजारी जुन्या उखळाचा फोटोही लावलेला. पश्चिम आफ्रिकेतून आलेली ही वीण तीनशे वर्षं आईकडून मुलीकडे येते आहे. विकणाऱ्या बाईंना मी हातांनीच पाखडून दाखवलं. त्या हसल्या आणि मनगट कसं फिरवायचं ते मला दाखवलं. त्यांचं मनगट माझ्या आजीसारखंच फिरत होतं.

सातवा दिवस, चार्ल्स्टन

चार्ल्स्टन म्युझियम. या दिवसाकरता मी एवढी आले, असं आता वाटतं.

आधी तांब्याचे बिल्ले. बोटभर लांबीचा चौकोनी पत्रा, कोपऱ्याला भोक, गळ्यात किंवा कपड्यावर लटकवायचा. त्यावर ठसे: चार्ल्स्टन, साल, नंबर, आणि कामाचा प्रकार: नोकर, हमाल, कारागीर, कोळी. मालक आपली माणसं दुसऱ्याकडे कामाला लावत, मजुरी खिशात घालत, आणि नगरपालिकेकडून दर वर्षी असा बिल्ला घ्यावा लागे. १८०० पासूनचे सापडतात. काहींच्या मागे लाफार असं नाव आहे. ते बिल्ला ठोकणाऱ्या सोनाराचं. घालणाऱ्याला नुसता नंबर.

आमच्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव घालतात. देणाऱ्याचं, घेणाऱ्याचं, तिथीसकट. घडवणाऱ्या तांबटाचं नाव मी कधी वाचलेलं नाही. हे डोक्यात घोळत असतानाच पुढच्या दालनात रांजण दिसला.

माझ्या कमरेपेक्षा उंच वाटावा असा, दीडशे लिटरच्या आसपास मावतील एवढा. मांस खारवून ठेवायला असे रांजण लागत. राखेच्या झिलईचा हिरवट-तपकिरी रंग, ओघळ तसेच गोठलेले. खांद्याजवळ, माती ओली असताना, काडीने लिहिलेली तिरपी, वळणदार अक्षरं. थोर नि मोठा रांजण हा, मावेल मेंढा, बकरा, अस्वल. तारीख १३ मे १८५९. आणि नावं: डेव्ह, बॅडलर.

डेव्ह, पुढे डेव्हिड ड्रेक, याच साउथ कॅरोलायना राज्यातल्या एजफील्डचा कुंभार. जन्म १८०० च्या सुमारास, मुक्ती मिळेपर्यंत गुलाम. साउथ कॅरोलायनात गुलामाला लिहायला शिकवणं १७४० पासून गुन्हा, १८३४ च्या कायद्याने वाचायला शिकवणंही. त्याची सर्वांत जुनी ज्ञात कवितेची बरणी त्याच १८३४ च्या जुलैमधली. त्याने लपवून नाही लिहिलं. जी बरणी शंभर घरांच्या फडताळात जाणार, तिच्या खांद्यावर, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. एका रांजणावर, १८५७ च्या ऑगस्टमध्ये, त्याने विचारलंय: माझी नातीगोती कुठे गेली असतील? सगळ्यांशी स्नेह, प्रत्येक देशाशी.

मी काचेला नाक लावून अक्षरं वाचली. एका अक्षराच्या शेवटी काडी जरा खोल गेली आहे आणि कडेला मातीची बारीक वरंबी उठली आहे. ती तशीच भट्टीत भाजली गेली. एकशे साठ वर्षांहून जास्त काळ ती तिथे आहे, त्याच्या हाताचा तेवढा दाब राखून. मुग्धाने विचारलं, "आई, बरं वाटत नाहीये का?" मी नुसती मान हलवली.

संध्याकाळी भावाला फोन लावला. चिपळूणला पहाट झाली होती, तो बंबाशी होता. "अरे, आईचं ते मठारलेलं घंगाळ आहे ना, ते पालथं घालून बघ. तांबटाचं नाव आहे का कुठे?" काही न विचारता तो अंगणात गेला. घंगाळ फरशीवर पालथं पडल्याचा आवाज मला इकडे ऐकू आला.

"काही नाही गं ताई," तो म्हणाला. "वरती आईचं नाव नि लग्नाची तिथी आहे. खाली नुसते हातोडीचे ठोके. पण काय ओळीने मारलेत बघ, एकसुद्धा चुकला नाहीये. फोटो पाठवू?"

"पाठव," म्हटलं.